दुपारी दोनची बैठक

दवाखान्यात मी बाळाला थोपटत बसले होते. पुढच्या बाकावर दोघीजणी, मुली एकाच शाळेत असलेल्या.

"पालक समितीत तू आहेस ना गं? मदतनीस ताईंना काढलं तेव्हा गप्प बसलीस?"

"गप्प नाही बसले. हात वर केला."

"काढा म्हणून?"

"वर्गांचं छप्पर गळतंय. शाळेकडे पैसे एकापुरतेच होते, छप्पर नाहीतर ताई."

"आणि माझ्या पोरीची चाकाची खुर्ची कोण ढकलणार? तिला बाथरूमला कोण नेणार?"

"तू बैठकीला येऊन बोलली असतीस तर..."

"दुपारी दोनला? कामावरून कोण सोडतं मला?"

"तेही खरंच."

"सोमवारपासून मीच बसणारे शाळेत. काल नोकरी सोडली."

"अगं..."

"पुढची बैठक कधी आहे? आता जमेल मला."