एक फेब्रुवारीचे टोमॅटो

…आणि का म्हणून विचारायचं नाही! टोमॅटोचं बी एक फेब्रुवारीला घरातल्या ट्रेमध्ये पडलंच पाहिजे, या थंड मुलखात बाहेर बर्फ असो नाहीतर वादळ, हा आमच्या घरचा नियम. तुम्हाला सांगते, मी वनस्पतिशास्त्रात पदवी घेतली, पण आत्यापुढे तिची किंमत काय? "अगं, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी बी लावतेय! दर वर्षी रोपं कशी, मनगटासारखी!" बाबा वर्तमानपत्रामागून, "ताई म्हणते ते बरोबर आहे." संपलं! का म्हणून विचारायचं नाही!

अहो, पण बाहेरचा गारठा दहा मेपर्यंत हटत नाही! तोवर ती बिचारी रोपं खिडकीत उभी, ऊन शोधत नुसती लांब लांब होणार, दोऱ्यासारखी, आणि मान टाकणार. साधा हिशोब आहे. मग दर वर्षी मार्चमध्ये वाकलेली रोपं मेपर्यंत मनगटासारखी कशी व्हायची? मलाही कळायचं नाही. मीच मूर्ख, म्हणायचे आणि गप्प बसायचे.

यंदा आई नाही. ऑक्टोबरात गेली… असो. तर यंदाही एक फेब्रुवारीला आत्याने बी पेरलं. आईनेच गेल्या उन्हाळ्यात वाळवलेलं, तिच्या हातचं शेवटचं. आणि मार्च उजाडला तर सगळी रोपं आडवी! झोपलीच! आत्या म्हणते, "माती वाईट." बाबा म्हणतात, "ताई म्हणते तर मातीच."

परवा मी तळघरात कपडे धुवायला गेले. आत्याचे गुडघे तो जिना उतरत नाहीत, बाबांना मशीन कुठे आहे तेच ठाऊक नाही. मशीनमागे एक फळी, वर ट्यूबलाइट, खाली रिकामे ट्रे. हुबेहूब आत्याच्या ट्रेसारखे! आणि भिंतीवर बावीस वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. बावीस मार्चच्या चौकटीत आईचं बारीक अक्षर: "दहा मेपासून सात आठवडे मागे. आज पुन्हा पेरलं. ताई दवाखान्यात गेल्या की ट्रे बदलायचे. कळू देऊ नये, वाईट वाटेल."

बावीस वर्षं! तुम्हाला सांगते, बावीस वर्षं ही बाई चोरून रोपं वाढवत होती, आणि वर जेवताना म्हणायची, "ताईंचा हातच चांगला हो!" मी त्या मशीनला टेकून… जाऊ दे. कपडे पुन्हा धुवावे लागले.

फळीवर औषधाची एक बाटली होती, वर आईच्या अक्षरात "टोमॅटो". आत अकरा बिया. बस, एवढीच आई उरलीय.

ती वर आणली, ही माझी चूक. आत्याचे डोळे चमकले. "आण इकडे! आधीच महिना उशीर झालाय, आत्ताच्या आत्ता लावू!" बाबा लगेच, "दे गं, ताई म्हणते तर…"

"नाही."

"म्हणजे?"

"बावीस मार्चला लावणार. तळघरात. मी."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. कॅलेंडर माझ्या काखेतच होतं, विचारलं असतं तर उघडून दाखवणार होते, देवाशपथ! पण आत्याने बाटलीवरचं आईचं अक्षर पाहिलं. मग खिडकीतल्या आडव्या रोपांकडे. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

आणि इतकी वर्षं घोकून घेतलेला नियम अखेर त्यांनीच पाळला हो… का म्हणून विचारलंच नाही.