नवऱ्यांची प्रश्नावली

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर बसलेले आपल्या खात्याचे सचिव साहेब, प्रशिक्षण केंद्राच्या प्राचार्य बाई, माझ्याबद्दल आत्ताच इतकं गोड बोलून मला ओशाळायला लावणारे आमचे उपसंचालक, समोर बसलेले सगळे पर्यवेक्षक, मुलाखती घेणाऱ्या भगिनी, पोरांची वजनं-उंच्या घेणारी मंडळी, आमच्या गाड्या हाकणारे सहकारी, आणि तिसऱ्या रांगेत मुद्दाम खांबाच्या आड जाऊन बसलेली माझी पत्नी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

हे टेबल धरून बोलतो, चालेल ना? उपसंचालक म्हणाले, मी अथक काम केलं. साहेब, शब्द छान आहे, पण खरं सांगायचं तर चांगलाच थकलोय हो. देशभरातल्या घरांत जायचं, तिथली मुलं कशी आहेत, बायका कशा आहेत ते विचारायचं, त्याचे आकडे करायचे आणि ते वर पाठवून वाट बघत बसायचं. अशी चार राष्ट्रीय सर्वेक्षणं माझ्या हातून गेली. प्रत्येक वेळी वाटायचं, आता पुढच्या वेळी तरी सोपं जाईल. कसलं काय!

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, काय, चार प्रश्न तर विचारायचे! अहो, बाळाला उंचीच्या फळीवर आडवं करा आणि बघा. असं भोकाड पसरतं की शेजारीपाजारी काठ्या घेऊन धावत येतात. मग घरातल्या मिठात आयोडीन आहे का तपासा, प्यायचं पाणी तपासा. मग त्या बाळाच्या आईला घेऊन बसा आणि विचारा, बाई, शेवटचं बाळंतपण कुठे झालं, या पोराला गेल्या आठवड्यात कुणी गोष्ट सांगितली का, कुणी मारलं का, तुम्ही एकटीने दवाखान्यात जाऊ शकता का. कोण कुठली अनोळखी मुलगी दारात येते आणि हे असलं विचारते. आणि बायका सांगतात. याचं मला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

पण सांगतात कधी? खोलीत दुसरं कुणी नसलं तर. आमचा पहिला नियम तो. बाईची मुलाखत चालू असताना तिथे सासू नको, नवरा नको, शेजारीण नको. ट्रेनिंगच्या वर्गात हे वाक्य फार सोपं वाटतं. प्रत्यक्षात सासूबाई ठाण मांडून बसलेल्या असतात. "सुनेला काय विचारता, तिला काय कळतंय, मला विचारा." सासू परवडली, निदान तोंडाने बोलते. नवरा काही बोलतच नाही. हाताची घडी घालून दारात उभा राहतो. मग बाई त्याच्याकडे बघून उत्तरं देते आणि आमच्या नोंदीप्रमाणे त्या घरात सगळं कसं अगदी छान असतं.

म्हणून मी एक वेगळी प्रश्नावली तयार केली होती. इथे जे हसताय त्या सगळ्यांना ती माहीत आहे. आम्ही तिला नवऱ्यांची प्रश्नावली म्हणायचो. पर्यवेक्षकाने नवऱ्याला अदबीने बाहेर न्यायचं आणि विचारायचं, साहेब, तुमच्या भागातल्या पाण्याबद्दल आपलं मत काय? रस्ते असे का झाले? काय करायला हवं? अहो, माणूस खुलतो! आपलं मत कुणी लिहून घेतंय म्हटल्यावर त्याला घराकडे वळूनसुद्धा बघावंसं वाटत नाही. तेवढ्यात आत मुलाखत निवांत पार पडते. आज सभागृहात ज्यांच्या घरी आमची माणसं येऊन गेली असे कुणी नवरे असतील, तर माफ करा. तुमची ती मौलिक मतं कुठेही पोचलेली नाहीत.

विषयांतर होतंय का? प्राचार्य बाई घड्याळाकडे बघतायत. थोडं सांभाळून घ्या. आज नाही तर मग मी कधी बोलणार?

तर, मागच्या सर्वेक्षणातली गोष्ट. घरं कॉम्प्युटर निवडतो, आपण नाही. आमचे आकडेवाले, ज्यांना आम्ही सगळे दशांश म्हणतो कारण ते भांडणसुद्धा दशांश चिन्हापर्यंत नेतात, ते एका दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "साहेब, तुमचं घर लागलंय." मी म्हटलं, काढून टाका. ते म्हणाले, "निवडलेलं घर बदलायचं नाही, दाराला कुलूप असलं तर पुन्हा जायचं, हे वर्गात कोण शिकवतं?" झालं! घर यादीत राहिलं.

आमच्या यादीत पन्नाशीच्या आतल्या बायका असतात. आमच्या घरातली बाई थोडक्यात आत बसली आणि याचा तिला कोण आनंद झाला. दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

दुसऱ्या विभागातली माणसं पाठवायचं ठरलं. एक मुलाखत घेणारी मुलगी आली, सोबत पर्यवेक्षक. मला बघून तो बिचारा ताठ उभा राहिला. मी म्हटलं, बाबा रे, आज मी साहेब नाही, मी घरातलं माणूस, तू तुझं काम कर. ती मुलगी मात्र पक्की निघाली. मला म्हणाली, "काका, तुम्हाला जरा बाहेर थांबावं लागेल." मी रुबाबात उठून जिन्यात गेलो. पर्यवेक्षक मागोमाग आला, पॅडला कागद लावला आणि म्हणाला, "साहेब, या इमारतीच्या पाण्याच्या टाकीबद्दल आपलं मत काय?"

आता हा काय प्रश्न झाला! त्या टाकीबद्दल मला किती बोलायचं होतं. पंप कुणी बिघडवला, तळमजल्यावाले कसे वागतात, वर्गणी द्यायची वेळ आली की कोण कोण गावाला जातं. टाकी संपवून मी पार्किंगवर आलो, तेव्हा त्या पोराच्या तोंडाकडे लक्ष गेलं. तो गाल आतून चावून हसू दाबत होता. मी म्हटलं, "अरे लेका, ही माझीच प्रश्नावली!" तो म्हणाला, "हो साहेब. फार उपयोगी पडते."

मीही हसलो. जिना दणाणून जाईल इतका हसलो. आतून बायकोच्याही हसण्याचा आवाज आला होता आधी. मग तो थांबला. मला प्रश्न तोंडपाठ, त्यामुळे आत गाडी कुठवर आली असेल याचा अंदाज होता. शेवटाकडे आम्ही बाईच्या हातात एक कार्ड देतो. त्यावर पाच चेहरे काढलेले असतात, एकदम हसऱ्यापासून एकदम रडव्यापर्यंत. एकंदरीत आयुष्य कसं वाटतं, त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. आणि त्यानंतर विचारतात, वर्षभराने तुमचं आयुष्य आजच्यापेक्षा चांगलं असेल, असंच असेल, की वाईट असेल?

मंडळी, वर्षभराने मी निवृत्त होणार होतो.

इतकी वर्षं मी बाहेर. महिने महिने बाहेर. थोरलीला कावीळ झाली तेव्हा मी दौऱ्यावर, धाकटीची दहावी झाली तेव्हा मी दौऱ्यावर. फोन करायचो, "सगळं ठीक ना?" बायको म्हणायची, "ठीक. जेवलात का?" आता हा माणूस वर्षभराने दिवसभर घरात बसणार. त्याने आयुष्य सुधारणार की बिघडणार? आत तिला नेमकं हेच विचारत होते आणि मी जिन्यात टाकीचा पंप समजावून सांगत होतो.

दार उघडलं. ती मुलगी निघाली तेव्हा तिचा हात धरून बायको म्हणाली, "पुन्हा ये गं." आमच्याकडे आलेल्या कुणालाही बायको इतक्या मनापासून हे म्हणत नाही.

पुढचं सांगू की नको? सांगतो. सगळी माहिती गोळा होऊन माझ्याच कॉम्प्युटरवर आली. घरांचे क्रमांक तपासणी संपल्यावरच काढून टाकतात, तोवर ते दिसतात. दशांश जेवायला गेले होते. मी खुर्चीत बसून होतो. आमच्या घराचा क्रमांक टाकला असता की ते बोट कुठे ठेवलं होतं ते समोर आलं असतं. मी पाहिलं नाही. सचिव साहेब, टाळ्या नकोत, नियम पाळला म्हणून माझं कौतुक अजिबात करू नका. मला भीती वाटली. 'वाईट' असं दिसलं असतं तर संध्याकाळी मी कुठल्या घरी गेलो असतो? दशांश परत आले तेव्हा त्यांना म्हटलं, माझा पासवर्ड बदला आणि मला सांगू नका.

मग एकदा धीर करून बायकोलाच विचारलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, "त्या शेवटच्या प्रश्नाला काय सांगितलंस गं?"

ती म्हणाली, "ते तिला सांगितलं. तुम्ही समोर असताना कसं सांगू? तुमचाच नियम ना?"

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, "मग बाहेर जाऊ का? तसा जन्मभर बाहेरच तर होतो मी."

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. म्हणाली, "होतात ना. पण तेव्हा आत येऊन विचारणारं कुणी नव्हतं."

रागाने नाही हो म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

अध्यक्ष महोदया, आपण मला वर्षभराची मुदतवाढ देऊ केली होती. मी नको म्हटलं, तेव्हा आपल्याला वाटलं प्रकृतीमुळे. प्रकृतीचं आहेच. पण मुदतवाढ घेणं म्हणजे आणखी एक वर्ष पळणं झालं असतं. आपण ती आपुलकीने देऊ केलीत, खरं कारण तेव्हा सांगितलं नाही, आज सांगतो.

आता आभार. आपले, सचिव साहेबांचे, प्राचार्य बाईंचे. ज्या मुलींनी उन्हातान्हात दारं ठोठावली, कुत्री अंगावर घेतली आणि ऐकलेलं कुठेही बोलून दाखवलं नाही, त्यांचे. गाडीवाल्यांचे, दशांशांचे, त्या पर्यवेक्षकाचे. आणि आमच्यासाठी दार उघडणाऱ्या सगळ्या बायकांचे. त्यांनी आम्हाला वेळ दिला आणि बदल्यात आम्ही त्यांना फारसं काही देऊ शकलो नाही. ही खंत घेऊन जातोय.

बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, तोल सुटला असेल, इतक्या वर्षांत कुणाला टाकून बोललो असेन, तर मोठ्या मनाने पोटात घाला. लहान-मोठे सगळ्यांनी.

आणि एक. संयोजकांनी माझ्या पत्नीलाही दोन शब्द बोलायची गळ घातली होती. आठवडाभर ती नाहीच म्हणत होती. आज सकाळी माझ्या शर्टाला इस्त्री करता करता म्हणाली, "बोलेन मी. पण माझी अट आहे." अट काय, ते तुमच्यापैकी निदान मुलाखती घेणाऱ्यांना तरी सांगायला नको.

तेव्हा तिला खांबामागून पुढे येऊ द्या. मी बाहेर जिन्यात जाऊन थांबतो. माझ्यामागे कुणीतरी तेवढं दार लावून घ्या.