ओला स्पंज

बसा, चहा होतो आहे तोवर सांगतो. आमच्या म्हातारीचा उजवा हात लुळा पडल्यापासून भांडी मीच घासतो. नर्सबाईंनी सांगितलं होतं, त्या हातात मऊ काहीतरी द्या, रोज दाबू द्या. मी रबरी चेंडू आणला, तर तिनं बाजेवरून तो अंगणात भिरकावला.

"मी का लहान लेकरू आहो?"

मग मी चेंडूचा नाद सोडला. भांडी झाली की स्पंज तसाच ओला ठेवायचो. त्याला वास सुटला.

"सडल्या झिंग्यावानी वास येऊन राह्यला! जलमभर तलावातलं जाळं पिळलं तुमी, अन हे एवढंसं नाई पिळता येत?"

"नाई येत. तूच दे पिळून."

असं म्हणून मी तो तिच्या उजव्या हातात ठेवला. रोज थेंबभर पाणी निघायचं. उरलेलं मी मागच्या दारी गुपचूप पिळायचो आणि स्पंज उन्हात टांगायचो.

परवा मात्र तिच्या मुठीतून सगळं पाणी माझ्या पायांवर सांडलं. म्हातारीनं स्पंज चाचपून पाहिला.

"हा झाला कोरडा," ती म्हणाली. "दुसरा असंल तर आणा."