डाव्या हाताची पकड

(सराव संपल्यावर कपडे बदलायची खोली. रग्बी संघातले बाकीचे खेळाडू बसमध्ये जाऊन बसले आहेत. बाकावर दोघे भाऊ. धाकटा थोरल्याच्या कानावरची चिकटपट्टी सोडवतो आहे.)

थोरला : हळू, बारक्या. कान आहे तो, पाकीट नाही.

धाकटा : कान कुठे उरलाय? घासून घासून पार कणकेचा गोळा झालाय. मान इकडे वळव.

थोरला : वळवली की.

धाकटा : अजून.

थोरला : एवढीच वळते. दमलोय आज.

धाकटा : आज नाही, महिनाभर एवढीच वळतेय.

थोरला : झाली वकिली सुरू. पट्टी काढ आणि चल. आईला आणायला जायचंय.

धाकटा : वहिनी गेलीय आणायला. तू बस.

थोरला : इतकी वर्षं देशाकडून खेळलो, पण आई मैदानावर एकदाही आली नाही. टीव्हीवर मॅच लागली की स्वयंपाकघरात पळते. उद्याची माझी शेवटची मॅच म्हणून तयार झाली एकदाची. काल फोनवर विचारते, "तुम्ही आठ-आठ जण खाली डोकी घालून शोधता तरी काय रे?"

धाकटा : मग काय सांगितलंस?

थोरला : म्हटलं, बॉल. समोरच्या आठांनाही तोच हवा असतो, म्हणून खांद्याला खांदा लावून रेटारेटी. त्याला स्क्रम म्हणतात. तर म्हणे, "मग त्यांना दुसरा बॉल द्या ना."

धाकटा : आई ती आईच. दादा, माझं मनगट धर. डाव्या हातानं.

थोरला : हा काय पोरखेळ?

धाकटा : धर ना.

थोरला : हे घे, धरलं. झालं समाधान?

धाकटा : आता आवळ.

थोरला : आवळलंय.

धाकटा : दादा, हे आवळलंय?

थोरला : हात भरून आलाय सरावानं. झोप झाली की ठीक होईल.

धाकटा : स्क्रममध्ये मी मधला. माझे दोन्ही हात तुम्हा दोघांच्या खांद्यांवर. तू या डाव्या हातानं काखेखालून माझा शर्ट धरतोस. मी क्लबात आलो त्या दिवसापासून धरतोयस. पूर्वी मॅचनंतर आंघोळीला गेलो की तुझी पाचही बोटं बरगडीवर उमटलेली असायची. बायको विचारायची, कुणी मारलं? आता काहीच नसतं.

थोरला : बरंय की. बायको खूश असेल.

धाकटा : गेल्या दोन मॅच मी तुला वर ओढून धरतोय. तू खाली जायला लागलास की तुझा शर्ट मुठीत घेतो आणि उचलतो. कोचच्या नजरेला येऊ नये म्हणून.

थोरला : तू? मला?

धाकटा : वाटलं, शेवटच्या मॅचपर्यंत निभेल. कुणाला बोललो नाही. तुलाही नाही.

थोरला : आणि मी खुशीत, की आपण अजून कसं सावरून घेतो.

धाकटा : डॉक्टरकडे गेला होतास?

थोरला : आपल्या टीमच्या नाही. दुसरीकडे. मानेत नस दबलीय म्हणे.

धाकटा : मग?

थोरला : मग काय, खेळू नका म्हणाले. ते तर वजन कमी करा असंही म्हणतात.

धाकटा : दादा.

थोरला : आणखी एक दणका बसला तर हात कायमचा जाईल म्हणाले. गेला तर गेला. माझा हात आहे. गोदामात पोती उचलत होतो रे मी. तिथून या खेळानं उचललं, पाठीच्या जोरावर जग दाखवलं, घर झालं. आता एकदाच आईसमोर राष्ट्रगीताला उभं राहू दे. फार मागतोय का?

धाकटा : फार नाही. पण तुझा हात सुटला की खाली कोण जातं?

थोरला : मीच जाणार ना.

धाकटा : तुला टेकायला एक हात तरी मोकळा होतो. माझे दोन्ही अडकलेले. माझं डोकं आधी आपटतं, आणि वरून सगळे.

थोरला : नको बोलूस असलं.

धाकटा : गुरुवारच्या सरावात तेच झालं.

थोरला : गुरुवारी तर तुझा पाय घसरला होता.

धाकटा : पाय नव्हता घसरला.

थोरला : तूच म्हणालास.

धाकटा : हो, मीच म्हणालो. रागाव हवं तर, दादा.

थोरला : लागलं होतं तुला?

धाकटा : हातांना मुंग्या आल्या. थोड्या वेळानं गेल्या.

थोरला : आणि तरी उद्या माझ्या शेजारी वाकणार होतास?

धाकटा : तू म्हणालास तर अजूनही वाकेन. भीती त्याचीच वाटते. तुला नाही म्हणायला मला आजवर जमलेलं नाही. आज तूच म्हण.

थोरला : वेडा आहेस तू. कोच गेले का?

धाकटा : बाहेर फळ्यापाशी आहेत. उद्याची टीम लिहितायत.

थोरला : बरं झालं. माझं नाव पुसायला सांगतो.

धाकटा : मी येतो बरोबर.

थोरला : नको. एवढं माझं मला बोलू दे. आईलाही मीच सांगेन. तिला उलट हायसंच वाटेल. तू तेवढं तिच्यासमोर तोंड पाडून बसू नकोस.

धाकटा : नाही बसणार. पण दादा, तुझ्याशिवाय मी एकही मॅच खेळलेलो नाही.

थोरला : माहितीये. माझ्या जागी तो नवा येईल ना? लांबट चेहऱ्याचा?

धाकटा : तोच. बसमध्ये झोपला असेल.

थोरला : उठव आणि घेऊन ये. ताकद आहे गड्यात, पण मधल्याला नुसता हात लावून ठेवतो, धरत नाही. कुठे धरायचं ते दाखवतो त्याला.

धाकटा : आत्ता? अरे, बस निघेल.

थोरला : थांबेल बस. आणि येता येताच त्याला सांगून ठेव, मधला माझा भाऊ आहे.