तुकडा कापणारी आक्का

—न्हाय, आत ये की, दारात का उभा? चप्पल काढ तितं. बस त्या स्टुलावर. तुला काय वाटलं, म्हातारी ओळखायची न्हाय? महांतेश, चौदा वर्षांनी काय, चाळीस वर्षांनी आला असतास तरी पाठमोरा ओळखला असता तुला. सम्राटची आई हाय मी! कोर्टात तारखेला तारीख तुझी मान बघत बसलते, आन् मनात तीच मान पिरगाळत हुते. रोज. जेवताना बी.

पाळक सकाळीच सांगून गेलेत मला — आक्का, आज महांतेशचा बाप्तिस्मा हाय, पण तुमची हरकत असली तर त्याच्यावर पाणी पडायचं न्हाय. तेच इचाराय आलायस न्हवं? मग ऐक गप. माझं हात चालू ऱ्हाणार, प्रभुभोजनाचा पाव कापायचा हाय — कडा काढायच्या, बोराएवढं तुकडं करायचं, माणशी एक. आता का सरकलास? सुरी बघून? भ्या. भ्यायलाच पायजे तू. तीन घाव घातलास माझ्या पोराला, एक मानंवर, दोन पोटात, तालमीच्या कोपऱ्यावर, भर दुपारी. मी पळत आले तवा पोटावर हात दाबून उठाय बघत हुता. बोटांतनं आतडं बाहेर आलतं. आई पाणी, म्हणाला. पाणी कुठनं आणू मी? शेजारणीनं तांब्या आणस्तोवर डोळं फिरलं त्याचं. आन् आज तुला पाणी पायजे व्हय रं, मुडद्या?

तुरुंगात कळलं म्हणे तुला — देवाचा एकुलता एक पोरगा, त्याला खिळं ठोकून मारला, त्याच्या रगतानं समद्यांचं पाप धुतलं जातंय, फुकटात, नुसतं मागायचा अवकाश. मला नको सांगू, जन्मापासनं ऐकतीय मी. शेजारच्या खांबावरच्या चोराला सुदीक स्वर्गात जागा दिली त्यानं, मरता मरता. दिली तर दिली, त्यो देवाचा पोरगा, त्याला परवडतंय. पण खाली आई उभी हुती की त्याची! तिला कुणी इचारलं का, बाई, तुझं काय म्हणणं हाय? न्हाय इचारलं. आन् तिचा तर तिसऱ्या दिवशी उठला बी. माझा तिसऱ्या दिवशी मातीत गेला. चाळीस दिवस त्या मातीपाशी जाऊन बसलते मी, हलतीय का बघत — हलली की न्हाय? न्हाय हलली. आन् तालमीम्होरच्या त्या फरशीवरचं रगत कुणी धुतलं? मी धुतलं, काथ्यानं, राख घालून, नखं निघंस्तोवर.

काय बघतोस ताटाकडं? मोजतोस? मी कापते, पण खात न्हाय. त्या दिवसापासनं एक तुकडा जिभंवर ठेवला न्हाय मी. आमच्यात रीतच हाय, मनात वैर धरून प्रभूच्या ताटाला हात लावायचा न्हाय. समदी म्हणत्यात, बिचारी आक्का, तिला माफ कराय जमंना. पाळक दर खेपंला हात धरून सांगत्यात, आक्का, सोडून द्या आता. मी बी मान हलवते. हलवू दे की मान, कुणाचं काय जातंय!

शर्ट सरकव. डावा खांदा. सरकव म्हणते न्हवं! ...व्हय. अठरा टाकं. कशाचं रं हे? बोल की. कोर्टात तर वरडून सांगत हुतास — आधी सम्राटनं कोयता घातला, मग मी सुरा काढला. वकील म्हणाला, कोयता कुठाय? कोयता कुठंच न्हवता. मग मला उभी केली. देवाची शपथ घेतली मी आन् ठणकावून सांगितलं — साहेब, माझ्या लेकराच्या हातात काय बी न्हवतं, मॅच जिंकून नाचत आलतं त्ये. झालं. तुला जन्मठेप.

तुझी अव्वा आलती, ठावं हाय? रत्नव्वा. गडहिंग्लजवरनं एसटीनं, तीनदा. माझ्या दारात आडवी पडली — आक्का, एक शब्द खरा बोल, माझं पोरगं कुजंल आत. खराटा हाणला मी तिच्या तोंडावर. ओठ फाटला. तिनं पदरानं रगत पुसलं आन् परत माझं पाय धरलं. चौथ्यांदा आली न्हाय. मेली तवा तुला तोंड बघाय सोडलंतं का रं? ...न्हाय? ...न्हाय.

त्या डब्यामागं हात घाल. साडीचं फडकं हाय. सोड गाठ.

व्हय, त्योच. सम्राटच्या दुसऱ्या हाताखालचा मी उचलला, पोटाशी धरला, वर पदर घेतला — पोलिसांच्या आधी, तांब्या यायच्या बी आधी. माझं पोरगं गुंड हुतं असं कुणी म्हणू नये म्हणून. आईच हाय की मी, दुसरं काय सुचणार? त्याचं रगत फरशीवरनं धुतलं, आन् हे तुझं, पात्यावरचं, तसंच ठिवलं. काळं पडलंय बघ. वैर न्हवं रं माझ्या घशात अडकलेलं. वैर असतं तर कवाच गिळलं असतं. त्यो शब्द अडकलाय, देवाच्या नावानं बोललेला.

बोल की काय तरी! शिवी दे, थोबाडीत मार, कोयता हाय की हातात — मार! मी तुला माफ केलं म्हणणार न्हाय, तीन घाव मोजलेत मी, त्ये न्हाय इसरायची. आन् मला माफ कर म्हणाय तोंड न्हाय माझ्यापाशी. रडतोस काय बायकांगत? गप. गप बस की रं... तुकडं लहानमोठं झालं बघ माझं.

घंटा झाली. ऊठ. कोयता आण हिकडं — तुझ्या हातात बघून लोकं पळतील, पोलीस बोलावतील. बोलावू देत, पण माझ्यासाठी बोलावू देत. समद्यांम्होरं सांगते मी आज, पाळकांच्या टेबलावर ठेवून. मग कोण तुला पाणी घालायचं न्हाय म्हणतंय बघू. तू ताट धर. नीट धर, दोन्ही हातांनी. दोन तुकडं जास्त कापल्यात आज. चल, म्होरं हो. कोयता माझ्या घरचा हाय, त्यो मी आणते.