काहिलीची कंपनी

भिमाजी : ...म्हणून सांगतो पाव्हणं, मधोमध बसा. कडंला बसलात की काहील गिरकी घेती. आन् घेतली तर घेऊ द्या! बसल्या जागी चारी दिशांचा देखावा होतो. दुसऱ्या कंपनीच्या नावंत मान मोडस्तोवर वळावं लागतं.

पाहुणा : इथे दुसरी कंपनीपण आहे?

भिमाजी : न्हाई. आमच्यापुढं टिकलीच न्हाई.

धोंडाबाई : भाऊ, वल्हं मारा. नातीला टोचून आणलंय, उन्हानं किरकिर करतीया.

पाहुणा : पण ही तर गुऱ्हाळातली, गूळ उकळायची काहील ना?

भिमाजी : अस्सल! धरण भरलं, खालची गावं उठून गेली. आमची वाडी टेकाडावर, ती ऱ्हायली. सकाळी उठून बघतो तर चहूकडं पाणी. म्हटलं, आता कंपनी काढल्याबिगर गत न्हाई. तवा ही आणली पार बारामतीकडनं. बुडाला अजून गोडी हाय बघा. मासं चाटत चाटत संगं येत्यात. कधी कधी तेच ढकलून नेत्यात, मी आपला तंबाखू मळत बसतो.

पाहुणा : वा! आणि एका खेपेला माणसं किती?

धोंडाबाई : चार.

भिमाजी : हिला मोजता कुटं येतंय! नथूच्या पोराचं वऱ्हाड नेलं तवा एकोणीस हुती. वाजंत्री येगळी. ढोलवाल्याला जागा हुईना, तर त्याला ढोलावर बसवला आन् दोरानं मागं बांधला. वाजवत वाजवत आला गडी.

पाहुणा : जनावरं नेता?

भिमाजी : म्हैस नेली की. मधीच व्याली. चढली एकटी, उतरल्या दोघी.

धोंडाबाई : अहं... अहं!

भिमाजी : हिला बी टोचलंय वाटतं. खोकतीया कवाधरनं.

पाहुणा : आणि सुटायची वेळ काय?

भिमाजी : हाक आली की सुटली. अकरा घरं, अकरा हाका. रखमाजी कुकारी घालतो. चिमाबाई परात बडवती. ही धोंडाबाई 'भाऊऽऽ' म्हणती आन् शेवट असा वर उचलती, की काठावरचं बगळं उडत्यात.

पाहुणा : पावसाळ्यात मात्र बंद ठेवत असाल.

भिमाजी : कशाला? गेल्या श्रावणात हिची सून अडली. गंगी. वारा लय हुता. हाक आली, मी गेलो. पलीकडं दवाखान्यात नेली. पोरगी झाली.

पाहुणा : एवढंच?

भिमाजी : एवढंच.

धोंडाबाई : पाव्हणं, तुमी लोणावळ्याला हवा खायाला आलाय न्हवं? मग पिशवीत चिक्की दिसंना. नुसतं कागदच दिसत्यात.

पाहुणा : मावशी, मी हवा खायला नाही आलो. पुण्याच्या कचेरीतून आलोय. नावेच्या परवान्यासाठी अर्ज आलाय, त्यावर यांचा अंगठा आहे. त्याचीच चौकशी.

धोंडाबाई : ऐकलं का भाऊ? आता खोका तुमी.

पाहुणा : नियम तीनच आहेत. पाचाच्या वर माणसं नकोत. जनावर नको. पावसाळ्यात नाव बंद. यातला एक जरी मोडला असेल, तर आजपासून ही काहील काठावर पालथी.

धोंडाबाई : मग वाडी बी पालथीच म्हणा की. मीठ कुटनं आणायचं? आजाऱ्याला काय पोहत न्यायचा?

पाहुणा : ते मला कळतं, मावशी. पण मी आत्ता ऐकलं ते लिहू की नको, ते यांनी सांगायचं.

भिमाजी : साहेब... एकोणीस न्हवती. पाच हुती.

पाहुणा : आणि ढोलवाला?

भिमाजी : तो चालत गेला.

पाहुणा : पाण्यावरून?

भिमाजी : न्हवताच साहेब. ढोलच न्हवता लग्नात.

पाहुणा : म्हैस?

भिमाजी : मला कुटली म्हैस! शेळी हाय एक, ती बी पाण्याला भिती.

पाहुणा : बरं. आणि मासे?

भिमाजी : मासं तेवढं राहू द्या साहेब.

पाहुणा : राहू द्या. माशांचा नियम नाही. आता शेवटचं. ती श्रावणातली सून?

भिमाजी : ती बी थापच.

धोंडाबाई : भाऊ!

भिमाजी : तू पोरगी सांभाळ. थाप साहेब. पावसाचं पाणी चढलं की मी काहील उलटी घालतो, आन् वर वाकळ टाकून निजतो.

पाहुणा : मावशी, ही नात किती महिन्यांची?

धोंडाबाई : नव्वा चाललाय.

पाहुणा : म्हणजे श्रावणातली. मग सून दवाखान्यात गेली कशी?

धोंडाबाई : ती... आधीच म्हायेरी गेलती. उर्श्याला.

पाहुणा : असं. मग लिहितो. माणसं पाच, जनावरं नाहीत, पावसाळ्यात बंद. परवाना द्यायला हरकत नाही. आणि भिमाजी, इथे सांध्यातून पाणी झिरपतंय. पाऊस लागायच्या आत डांबर भरून घ्या.

भिमाजी : पावसाळ्यात तर बंद न्हवं साहेब?

पाहुणा : बंदच. तरी भरून घ्या.

(काहील काठाला लागते. पाहुणा उतरून वाडीची चढण चढू लागतो.)

भिमाजी : उतर की गं. बसलीस काय?

धोंडाबाई : भाऊ, मासं, म्हशी, ढोल... वीस वरसं ऐकतीया तुमचं. कधी खोटं वाटलं न्हाई. आज मातुर पयल्यांदा खोटं बोललात.

भिमाजी : हळू बोल. पोरगी ऐकतीया.