दिवेताईंचा पट्टा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या शाळेचे मुख्याध्यापक सर, नगराच्या दिवाबत्ती विभागाचे प्रमुख साहेब, व्यासपीठावर अगदी कडेच्या खुर्चीत अंग चोरून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, त्यांचे यजमान, शिक्षकवृंद, पालक, आणि पुढच्या सतरंजीवर बसून केव्हापासून माझ्या कागदांची जाडी न्याहाळणाऱ्या बालमित्रांनो,

घाबरू नका. अक्षर मोठं आहे म्हणून कागद जास्त दिसतात.

सत्कारमूर्तींचं पूर्ण नाव निमंत्रणपत्रिकेवर छापलेलं आहे. ते वाचून मलाच प्रश्न पडला की या बाई कोण? या शाळेतल्या कुठल्याही मुलाला विचारा, तो सांगेल, त्या दिवेताई. खांबावर चढून गावाचे दिवे दुरुस्त करणाऱ्या आमच्या दिवेताई आज सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्याविषयी बोलायला मला का बोलावलं? मी काही वक्ता नाही. मी रुग्णालयात परिचारिका आहे. आमचं बहुतेक बोलणं “हात सैल सोडा” आणि “झालं, झालं” एवढ्यावर भागतं.

पण मला बोलवण्याला कारण आहे, आणि ते मुख्याध्यापक सरांना पक्कं ठाऊक आहे. या सभागृहात दिवेताईंशी कडाकडा भांडलेली मी एकटीच आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी माझी मुलगी बसली आहे. शाळा संपवून ती आता मोठी झाली. तिला दिवेताईंसारखं व्हायचंय. खांबावर चढायचं, तारा जोडायच्या. तारतंत्रीच्या प्रशिक्षणाला जाऊ का, असं तिने मला विचारलं, आणि मी उत्तर दिलेलं नाही. “समारंभ होऊ दे, मग सांगते,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून घरात मीठ मागायचं तरी आम्ही दोघी तिच्या बाबांमार्फत मागतो. बाबा शेजारीच बसलेत. त्यांना विचारलं तर म्हणतात, “मला मध्ये घेऊ नका, मी नुसता श्रोता आहे.”

तर श्रोतेहो, थोडं मागे जाऊ या.

आमच्या शाळेत ‘शेजाऱ्यांचा तास’ असतो, हे तुम्हाला माहीत आहे. आठवड्यातून एकदा गावातलं कुणीतरी यायचं आणि आपलं काम मुलांना दाखवायचं. छत्र्या दुरुस्त करणारे आजोबा आले, बियाणं जपून ठेवणाऱ्या मावशी आल्या, पाणी शुद्ध करणारे काका आले. मीही गेले होते. फार तयारीने गेले होते. माणसाची सेवा या विषयावर मी मनापासून बोलले, आणि शेवटी एकच प्रश्न आला, “इंजेक्शन देताना तुम्हाला हसू येतं का?”

दिवेताई आल्या त्या खांद्यावर शिडी घेऊन. भाषण केलंच नाही. मैदानातल्या खांबाशी गेल्या, कमरेला चामड्याचा रुंद पट्टा बांधला, त्याचा दोर खांबाभोवती फिरवून आकड्यात अडकवला, आणि समोरच्या मुलांना म्हणाल्या, “कोण ओढून बघतं? जोरात हं. माझा जीव आहे त्यात.”

झालं! सगळा वर्ग उठला. त्या दिवशी मान मिळाला तो माझ्या मुलीला. तेव्हा ती पाचवीत होती. तिने पट्टा धरून असा हिसका दिला म्हणे, की दिवेताई मागे झुकल्या. मग हसून म्हणाल्या, “छान. आता मी चढते.”

वरून त्यांनी मुलांना विचारलं, “तुमच्या खिडकीतून संध्याकाळी काय दिसतं?”

“दिवा.”

“आणि?”

“दिव्याचा खांब.”

“तारे?”

एक मुलगा म्हणाला, “ते पुस्तकात आहेत.”

दिवेताईंनी मान वर करून आकाशाकडे बघितलं. नंतर खाली उतरून त्यांनी मुलांना एक काम दिलं. दिवेलागणीला खिडकीत बसायचं, आणि आपल्या गल्लीतला प्रत्येक दिवा कुणासाठी जळतो ते बघायचं.

मुलं बसली. आमच्याकडे तर कन्या उशी घेऊनच खिडकीत मुक्कामाला गेली. पुढच्या आठवड्यात वर्गात बातम्यांचा पाऊस पडला. वखारीमागचा दिवा नुसत्या भिंतीवर पडतो. दिवेताईंनी विचारलं, “भिंतीला अभ्यास करायचाय का?” पाण्याच्या टाकीवरचा दिवा पतंगांसाठी आहे, ते त्याच्याभोवती फिरून फिरून दमतात आणि सकाळी खाली पडलेले असतात. आणि कालव्याच्या वाटेवर दिव्याला चिकटून एक झाड आहे, त्याची अर्धी पानं गळली आणि दिव्याच्या बाजूची अर्धी अजून हिरवीच आहेत.

“असं का, दिवेताई?”

“त्या बाजूला उजेड आहे ना. झाडाला वाटतं, दिवस अजून मावळलेला नाही. त्या बाजूला झोपच लागत नाही त्याला.”

माझी मुलगी त्या संध्याकाळी जेवली नाही. “आई, अर्धं झाड जागं आहे,” एवढंच म्हणत राहिली. मला ते वाक्य तेव्हा कळलं नाही. आता कधी ड्युटीवरून येताना पाय ओढत चालत असते, तेव्हा अचानक कळतं.

मुलांनी दिवाबत्ती कार्यालयात जाऊन विनंती केली. साहेबांनी ऐकलं, त्यांचे आभार मानायलाच हवेत. वखारीमागचा दिवा गेला, टाकीवरचा गेला, आणि कालव्याच्या वाटेवरचेही दिवे बंद झाले.

आता इथे माझा प्रवेश.

त्याच वाटेने मी रोज कामावरून घरी येते. त्या संध्याकाळी वळणावर आले तर समोर नुसता काळोख. एक पाय खड्ड्यात, हातातली पिशवी कालव्यात. मागून कुणाची तरी पावलं. ते आपले नेहमीचे दूधवाले होते हे नंतर कळलं, पण नंतर कळून काय उपयोग? दुसऱ्या दिवशी मी गणवेशातच दिवाबत्ती कार्यालयात गेले.

मी म्हणाले, “तुमच्या मुलांना तारे हवेत, मला माझा पाय जागेवर हवाय.”

साहेब म्हणाले, “पण सिस्टर, ऊर्जाबचत...”

“मग माझा पाय वाचवा आधी. तोही ऊर्जेवरच चालतो.”

साहेब, हसताय. त्या दिवशी हसला नव्हतात.

दिवेताई कोपऱ्यात तारेचं वेटोळं गुंडाळत बसल्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “चला, मला दाखवा.”

मला वाद घालायचा होता, आणि बाई चालायला लागल्या! दिवेलागणीला आम्ही दोघी ती सगळी वाट चाललो. कुठे खड्डा, कुठे वळण, कुठे मला भीती वाटते, सगळं मी दाखवलं. त्या प्रत्येक ठिकाणी थांबून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “सिस्टर, तुम्हाला खांब लखलखायला नकोय. तुम्हाला पायाखालची वाट आणि समोरच्याचा चेहरा दिसायला हवाय. बरोबर?”

मी म्हणाले, “मग मी मघाशी कार्यालयात काय फारसी बोलत होते?”

लोक म्हणतात, पुढे माझं मतपरिवर्तन झालं. अजिबात नाही. मी तेव्हा बरोबर होते आणि आजही बरोबर आहे. काळोखात बाईमाणसाने चाचपडत यावं, हे मला मान्य नाही. मोठेपणा दिवेताईंचा असा, की त्यांनी मुलांनाही खोटं पाडलं नाही आणि मलाही. पुढच्या तासाला त्यांनी मुलांना सांगितलं, “आपण एक माणूस मोजायचं विसरलो. कालव्याच्या वाटेवरून एक आई येते.”

मग मुलं कामाला लागली. तेलाचे रिकामे डबे गोळा झाले. पत्रा कापणाऱ्या काकांनी त्यांच्या टोप्या करून दिल्या, मुलांनी त्या आतून काळ्या रंगवल्या. आमच्या घरातली फरशी आजही एका कोपऱ्यात काळी आहे. उजेड वर आणि आजूबाजूला सांडू नये, फक्त वाटेवर पडावा, अशी ती युक्ती होती.

टोप्या बसवायच्या संध्याकाळी सगळे कालव्यावर जमले. दिवेताईंनी पट्टा बांधला, आकडा अडकवला, आणि मुलं हात वर करून पुढे आली. त्यांनी मुलांवरून नजर फिरवली आणि मला म्हणाल्या, “सिस्टर, आज तुम्ही ओढा.”

मी ओढला. पाय रोवून ओढला. मनात थोडा राग शिल्लक होता, तोही ओढण्यात गेला.

त्या चढल्या. टोपी बसली. दिवा लागला. आणि काय सांगू तुम्हाला? उजेड कुणी चटई अंथरावी तसा वाटेवर अलगद पसरला. खड्डा दिसला, दगड दिसला, शेजारणीच्या चपलेचा तुटका बंद दिसला. आणि खांबाच्या वर, इतकी वर्षं जिथे नुसती पिवळट धूळ असायची, तिथे आकाश होतं. कालव्याच्या पाण्यातही होतं. आपण दोन आकाशांच्या मधल्या एका उजेडाच्या पट्टीवर उभे आहोत असं वाटत होतं. बोललं तर ते उडून जाईल, अशी भीती.

माझी मुलगी माझा हात धरून हळूच म्हणाली, “आई, हे इतके दिवस कुठे होतं?”

पुढच्या वर्षी पानगळ आली. त्या झाडाने दोन्ही बाजूंची पानं टाकली. मुलं शाळेत जाताना त्याच्याजवळ आली की टाचा उचलून चालायची. कुणी मोठ्याने बोललं तर बाकीची दटावायची, “शू! झोपलंय ते.”

हे सगळं गोड आहे. पण मला जे उत्तर द्यायचंय, ते असं गोड नाही.

मी वॉर्डात काम करते. विजेने भाजलेले हात मी या हातांनी धुतले आहेत. मुलगी म्हणाली, “आई, तूच सांगायचीस ना, कामात जीव ओतावा?” मी म्हणाले, “ओत म्हटलं होतं, घालव म्हटलं नव्हतं.” ती म्हणाली, “तू आजारी माणसाच्या उशाशी जागतेस. मला असं काही करायचंय की झाडं, पाखरं, माणसं, सगळी नीट झोपतील.”

मी गेल्या आठवड्यात गुपचूप दिवेताईंकडे गेले. त्या सामानाची खोली आवरत होत्या. मी म्हणाले, “ताई, ती तुमचं ऐकते. तिला सांगा, नको म्हणून.”

“नाही सांगणार.”

“मग धोका नाही, असं मला तरी सांगा.”

“तेही नाही सांगणार, सिस्टर. धोका आहे.”

आणि त्यांनी खिळ्यावरचा पट्टा काढून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या, “नवीन होते तेव्हा एकदा पडले. आकडा नीट बसला नव्हता. मी तपासला होता हं! पण आपली गाठ आपल्याला घट्टच वाटते. तेव्हापासून ठरवलं, चढायच्या आधी दुसऱ्याकडून ओढून घ्यायचा. आणि मुलांकडून घ्यावा. मोठी माणसं लाजतात, नावाला हात लावतात. मुलं खरं ओढतात.”

श्रोतेहो, इतकी वर्षं आम्ही समजत होतो, तो मुलांसाठी केलेला खेळ आहे. आपलं आयुष्य दिवेताई दरवेळी एका पोराच्या हातात देत होत्या, आणि त्या पोरांना ते कळलं होतं. म्हणून ती इतकी जोरात ओढायची. मला वाटतं, मुलं शिकतात ती अशा माणसाकडून. भाषणाने नाही. माझ्या बाबतीत तर हे मुलांनी त्या इंजेक्शनच्या प्रश्नानेच सिद्ध केलं होतं.

मी निघाले तेव्हा दिवेताई म्हणाल्या, “मोठ्या माणसांत एक तुम्हीच खरा ओढला होतात. पाय रोवून.”

त्यानंतर मी कालव्याच्या वाटेने घरी आले. दिवे नुकतेच लागले होते. प्रत्येक दिव्याखाली एकेक चटई. मी एकीवरून दुसरीवर चालत आले, आणि मध्ये एकदा थांबून वर बघितलं. भीती गेली का? नाही. पण ती बरोबर घेऊन चालता येतं, हे त्या वाटेवर पूर्वीही एकदा, दिवेताईंबरोबर चालताना, कळलं होतं.

बाळ, ऊठ. लाजू नकोस, उभी राहा.

तू जा. शिक. पण चढायला लागशील त्या पहिल्या दिवशी मी खांबाखाली येणार. सगळ्यांसमोर तुझा पट्टा ओढणार. मैत्रिणी हसल्या तर हसू देत. मी पाय रोवून ओढणार. आणि माझी ड्युटी असेल त्या दिवशी कुणाकडून तरी ओढून घेतल्याशिवाय जमीन सोडायची नाही. हे कबूल असेल तर माझं हो आहे.

मान हलवली. श्रोत्यांनी बघितलंय, आता फिरायचं नाही. बाबा, टाळ्या वाजवायला हरकत नाही, त्याने तुम्ही मध्ये पडता असं होत नाही.

दिवेताई, तुमचा हा जुना पट्टा साहेबांनी तुमच्याकडेच ठेवू दिला, हे फार छान केलं. तोही आता निवृत्त झाला. त्याला खिळ्यावर निवांत झोपू द्या. तुम्हीही झोपा. गावातले दिवे कुणीतरी बघेल.

बाहेर दिवेलागण झाली आहे. मुलांची चुळबुळ मला दिसते आहे. मला बोलायला उभं केल्याबद्दल सरांचे, माझा तो राग इतकी वर्षं खिलाडूपणे आठवणाऱ्या साहेबांचे, आणि एवढा वेळ ऐकून घेतलंत म्हणून तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलणं लांबलं, आणि घरातली गोष्ट चारचौघांत आणली, त्याबद्दल राग मानू नका. आपली गाठ आपल्याला घट्टच वाटते. माझ्या बोलण्यात ती कुठे सैल राहिली असेल, तर तेवढी तुम्ही ओढून घ्या.